मदत हवी आहे: पोर्तुगीज 'कमादा'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

ब्राझीलच्या समुद्रातल्या तेलसाठ्यांवरचा एक पोर्तुगीज लेख मराठीत आणते आहे आणि 'कमादा' या शब्दाशी अडले आहे. 'कामा' म्हणजे बिछाना. त्यावरून 'कमादा', म्हणजे अंथरल्यासारखा पसरलेला थर.

पण हा शब्द पोर्तुगीजमध्ये कुठेही भेटतो. ओझोनचा थर ठीक. भिंतीला रंगाच्या दोन कमादा म्हणजे आपले 'रंगाचे दोन हात'. के, एल, एम या इलेक्ट्रॉनांच्या कमादांना आपली शाळेची पुस्तकं 'कवच' म्हणतात. समाजाच्या कमादा म्हणजे स्तर. पोर्तुगालमधल्या फुटबॉल क्लबांच्या 'तरुण कमादा' तर चक्क कुमार संघ निघाले, तिथे माझी अर्धी संध्याकाळ गेली.

खरी अडचण लेखाच्या मुख्य शब्दाची आहे: 'प्रे-साल' कमादा. 'साल' म्हणजे मीठ, 'प्रे' म्हणजे आधीचं. ब्राझीलच्या समुद्रातल्या सांतोस खोऱ्यात समुद्रतळाखाली मिठाचा थर आहे, काही ठिकाणी 2000 मीटर जाड. तेल त्याच्याही खालच्या खडकांत आहे. मग 'मीठपूर्व थर' लिहू की 'मिठाखालचा थर'? पहिला मूळ शब्दाला धरून आहे, पण वाचणाऱ्याला वाटेल की ड्रिल करताना हा थर मिठाच्या आधी लागतो, म्हणजे मिठाच्या वर आहे. ते साफ चुकीचं. कुणी भूगर्भशास्त्रातलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, ते 'आधी' काळाचं आहे. मीठ साचण्यापूर्वी तयार झालेले खडक, म्हणून 'प्रे'. जुने म्हणून खाली. पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'मीठपूर्व (मिठाच्या थराखालचे, त्याहून जुने) खडक' असं एकदा फोडून लिहा, पुढे नुसतं 'मीठपूर्व' चालेल.

प्रतिसाद २
मी गोव्याची. खाण्यापिण्याचा मजकूर आला तर बेबिंका या आमच्या गोड पदार्थाच्या कमादांना 'पदर' लिहू नका. पदर घडीच्या पोळीला, साट्याच्या करंजीला. तिथे लाटलेलं पीठ एकमेकांपासून सुटतं. बेबिंकात नारळाच्या दुधाचं पातळ मिश्रण ओतायचं, वर ठेवलेल्या निखाऱ्यांच्या आचेवर भाजायचं, तूप लावायचं, मग पुढचं ओतायचं. तिथे थरच.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काळाचा अर्थ माझ्या डोक्यातच आला नव्हता. आजच तो परिच्छेद बदलते. आता एकच राहिलं: संगणकाच्या जाळ्यातल्या ओएसआय मॉडेलच्या (संगणकांमधला संवाद पातळ्यांत मांडणारा आराखडा) सात कमादांना 'स्तर' लिहू की सरळ 'लेयर'? पुढचा लेख त्यावरच आहे. त्या क्षेत्रात काम करणारे रोज काय म्हणतात?