मदत हवी आहे: २२ जण, ५ दिवस, राहायची सोय बोंबलली

सेमपाच
अर्जंट आहे. आम्ही २२ जण २५ ते २९ नोव्हेंबर गावात जाऊन काम करणार होतो, सगळं फायनल होतं आणि आता राहायची सोय कॅन्सल. मुंबईपासून जवळ असं कुठलं गाव आहे का जिथे २२ जण राहतील आणि खरंखुरं काहीतरी काम असेल? बजेट फार नाही. "गूगल कर" म्हणू नका प्लीज, दोन दिवस तेच करतेय.

पार्लेकर_काका
जवळ म्हणजे किती जवळ? लोकांना कर्जतही जवळ वाटतं आणि जव्हारही. एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर आहे का? सोबत पीओ, म्हणजे कार्यक्रम अधिकारी, कोण? मुली किती, मुलं किती? दहा दिवस राहिले आणि आता विचारतोयस मित्रा.

सेमपाच
मित्र नाही, मैत्रीण. एनएसएस नाही, आम्ही आमचेच, एका वर्गातले. सेम संपली, सुट्टी आहे.

घाटावरचा
सोमनाथला जा. बाबा आमट्यांनी १९६७ ला तिथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली, चंद्रपूर जिल्हा, मूल तालुका. मी कॉलेजात असताना गेलेलो. अंधारात उठवायचे, हातात कुदळ, दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आणि तिसऱ्या दिवशी त्याच फोडांवर परत कुदळ. रात्री कोणीतरी मोठा माणूस येऊन बोलायचा आणि आम्ही बसल्या बसल्या पेंगायचो. आयुष्य बदललं.

चहाबाज
आयुष्य बदललं ते ठीक, पण छावणी मे महिन्यात असते. आणि ती मुंबईजवळ विचारतेय, तुम्ही तिला विदर्भात पाठवताय.

घाटावरचा
मनात असेल तर अंतर काय. मग गडचिरोलीतलं हेमलकसा आहे, आमट्यांचाच प्रकल्प, १९७३ पासून काम चालू आहे.

चहाबाज
भामरागड! त्याहून लांब! आणि तिथे हॉस्पिटल आहे, शाळा आहे, कामाची जागा आहे ती. २२ पोरं न विचारता उगवली तर त्यांना जेवू घालण्यातच तिथल्या माणसांचा दिवस जाणार.

मनमौजी_०७
शूज चांगले घ्या, नवे घालून जाऊ नका, आधी आठवडाभर वापरा. आणि बाहेर एमएसला जाणार असशील तर सर्टिफिकेटवर तास लिहून घे, नुसतं 'सहभागी झाले' असेल तर एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात, काही वजन पडत नाही.

सेमपाच
मी शूजबद्दल विचारलेलं नाहीये 🙏

कसारालोकल
मी कॉलेजात शिकवतो, पालघर जिल्ह्यात मोखाडा-जव्हार भागात आठ वर्षं शिबिरं नेली. काही सांगायच्या आधी दोन प्रश्न. आधीची सोय कोणी केली होती आणि तुम्हाला गावातून कोणी बोलावलं होतं का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर गाव बदलून काही होणार नाही.

सेमपाच
सर, एक जण असे ग्रामसेवा कॅम्प लावून देतो, इन्स्टावर दिसला. माणशी अडीच हजार घेतले. आदल्या बॅचचे फोटो पाठवले होते, मुलं शाळेची भिंत रंगवतायत वगैरे. परवा मेसेज आला की गावात प्रॉब्लेम आहे, तेव्हापासून फोन बंद. गावाचं नाव त्याने शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं, 'खोडाळ्याच्या पुढे' एवढंच, म्हणजे मोखाड्याकडेच कुठेतरी.

पार्लेकर_काका
अगं हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना! २२ गुणिले अडीच हजार म्हणजे ५५ हजार गेले की. यूपीआयने दिलेत का? आत्ताच्या आत्ता १९३० ला फोन कर, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती. ट्रान्झॅक्शन आयडी हाताशी ठेव. जेवढा उशीर तेवढे पैसे पुढे सरकतात.

चहाबाज
फसवणूकच आहे कशावरून, असेल खरंच अडचण. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पार्लेकर_काका
फोन बंद करून बसलाय तो. अडचणीतला माणूस फोन उचलून रडतो, बंद करत नाही.

सेमपाच
हो केला १९३०, तक्रार नंबर मिळाला. पण काका, पैशाचं होईल ते होईल, आम्हाला जायचंय. २२ पैकी १४ जण अजून तयार आहेत, घरी भांडून परवानगी काढलीय.

निशिगंधा
जायचंच कशाला एवढ्या लांब? मुंबईत कामं नाहीत? नॅशनल पार्कच्या आतल्या पाड्यांवर पोरांचा अभ्यास घ्या, समुद्रकिनारे साफ करा. अंध मुलांना परीक्षेला रायटर (ते सांगतील ते उत्तर लिहिणारे) मिळत नाहीत, मार्चमध्ये दहावीच्या पेपरला बसा. मी तीन वर्षं रायटर होते, रोज घरी जेवून जायचे.

कसारालोकल
ताई, दहावीला रायटर परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो, कॉलेजची मुलं चालणार नाहीत. कॉलेजच्या परीक्षेला ज्युनिअर म्हणून बसू शकतात, आधी परीक्षा विभागाला विचारून.

निशिगंधा
हो, मी तेव्हा शाळेतच होते, विसरलेच. पण मुद्दा तोच आहे. कसाऱ्याच्या पुढे गेलं की आपोआप सेवा होते असं सगळ्यांना वाटतं.

कसारालोकल
ते मात्र खरं. एका पाड्यावरची दोन खोल्यांची शाळा मी तीन वर्षांत तीन वेळा रंगवलेली बघितलीय, तीन वेगळ्या कॉलेजांनी. पहिल्या वर्षीचा हत्ती दुसऱ्या वर्षीच्या निळ्या रंगातून दिसतो आणि कॉलेजचं नाव बाराखडीपेक्षा मोठं. संडासाला दार होतं, पाणी नव्हतं. पोरं डबा घेऊन ओहोळावर जायची. गुरुजींना विचारलं की रंग नको, पाइप पाहिजे असं सांगत का नाही, तर म्हणाले सर, पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं.
आणि दुसरं. तुमच्या तारखा बघ. भात कापून झाला, दिवाळी झाली की तिकडची अर्धी माणसं वीटभट्टीवर जातात, भिवंडी, वाडा, वसई. पाड्यात उरतात म्हातारी माणसं आणि कडेवरची पोरं. तिथे पथनाट्य, प्रबोधन फेरी कोणासाठी करणार?

घाटावरचा
म्हणजे तरुणांनी काहीच करू नये का? असले शहाणपणाचे सल्ले देणाऱ्यांमुळेच पोरं मॉलमध्ये फिरतात.

कसारालोकल
असं कुठे म्हटलं मी? वनराई बंधारा बांधा, नोव्हेंबर म्हणजे त्याचाच हंगाम. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती, तोंड शिवायचं आणि ओहोळाला आडव्या रचायच्या, सांध्यात चिखल. पाणी वाहतंय तोवरच त्याचा उपयोग, ओहोळ आटल्यावर बांधलात तर फोटोपुरता. १४ जणांचं दोन दिवसांचं काम आहे. मागे गुरांना पाणी मिळतं, कोणी थोडी भाजी करतं. फक्त जागा गावकऱ्यांनी दाखवायची, तुम्ही नाही.

मुलुंडची_सई
एनएसएसमधून का नाही करत? दहा ग्रेस मार्क मिळतात. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. माझा भाचा करतो.

चहाबाज
आता नवीन शैक्षणिक धोरणात क्रेडिट आहेत हो. आणि ती दहा दिवसांत एनएसएसमध्ये कशी घुसणार?

मुलुंडची_सई
मी फक्त माहिती दिली. चिडता कशाला.

पार्लेकर_काका
एसटीचा प्रासंगिक करार विचारा, आख्खी गाडी मिळते. सहलीला ५० टक्के सवलतही आहे.

चहाबाज
ती शाळेच्या सहलीला. आणि १४ जणांना आख्खी एसटी कशाला? पहाटेची कसारा लोकल, पुढे जीप.

सेमपाच
सर, तुम्ही कोणाशी बोलून द्याल का? तीन दिवसही चालतील. आम्ही ५ मुली, ९ मुलं.

कसारालोकल
नंबर इथे टाकत नाही, मेसेज बघ. आश्रमशाळेचे मुख्याध्यापक आहेत, त्यांना आज संध्याकाळी सातनंतर फोन कर, दिवसा रेंज नसते. 'आम्ही काय करू' असं विचारू नकोस, 'ओहोळाला अजून पाणी आहे का आणि गोण्या आहेत का' एवढं विचार. कॉलेजचं पत्र आणि एक मोठी व्यक्ती सोबत हवी, मुली आहेत म्हणून नाही, १४ जण आहात म्हणून. रात्री कोणाला ताप आला तर जीप शोधायला माणूस लागतो.

सेमपाच
बोलले. पाणी आहे म्हणाले, घोट्याएवढं. गोण्या नाहीत, आम्ही आणायच्या, दीडशे तरी. मुलींना शाळेतच खोली, मुलं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, जेवण शाळेच्या स्वयंपाकघरात, पण तांदूळ-डाळ आमची. सोबत आमच्या लॅब असिस्टंट मॅडम येतायत, त्यांचं माहेरच तिकडचं आहे, आम्हाला आजवर माहीतच नव्हतं. २६ ला निघतोय. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या मुंबईत कुठे मिळतात?

पार्लेकर_काका
आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, वॉचमनला सांगून ठेवतो. झटकून आणाव्या लागतील, खोकला लागेल. मास्क घेऊन ये.

मनमौजी_०७
आणि शूज जुनेच घाला.