गोधडीला हात लावावासा वाटत नाही. यातून कोणी बाहेर आलंय का?

काठपदर

नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहते आणि गोधड्या शिवते, पांघरायच्या आणि भिंतीवर लावायच्याही. शिकले आजीच्या हाताखाली. विरलेली लुगडी, धोतरं धुऊन गाठोड्यात जमत राहायची आणि उन्हाळा लागला की ओसरीवर थर अंथरून बायका चारी कडांनी बसायच्या. कडेपासून धावदोरा घालत आत सरकायचं, चौकटीच्या आत चौकट, मध्याला पोचेपर्यंत. भिंतीवरच्या कामातही मी टाक्यांची हीच चाल ठेवली आहे. ठिगळांची मांडणी मात्र माझी असते: नांगरलेलं रान, नदीकाठ, पावसाआधीचं आभाळ.

मागच्या हंगामात एका मोठ्या दुकानाचं काम घेतलं. रंग त्यांचे, मापं त्यांची, कापड थानातलं, नवंकोरं. फोटोत दिसते तशीच गोधडी प्रत्येक गिऱ्हाइकाला मिळाली पाहिजे म्हणून दोन टाक्यांमधलं अंतरसुद्धा ठरलेलं. पैसे वेळेवर आले, गावातल्या बायकांना काम मिळालं. त्या कामाला मी वाईट म्हणणार नाही. पण ते संपवून स्वतःच्या कामाकडे वळले, तर आत काहीच नव्हतं.

दुपारी कपाट उघडते. ऑर्डरमधलं उरलेलं आणि नंतर हौसेनं आणलेलं कापड रंगवार लावून ठेवलंय. दोन तुकडे काढते, शेजारी ठेवते, बघते, पुन्हा घडी घालते. कुठलाही तुकडा कुठेही चालेल असं वाटतं, आणि म्हणूनच कुठेच ठेववत नाही. चित्रवहीत रेघा ओढून पाहिल्या. फोनवर इतरांची कामं पाहिली, तर हात आणखीच गळाले. विश्रांती म्हणाल तर सगळा उन्हाळा झाली. थकवा उतरला, ओढ आली नाही.

दिवाळीनंतर पुण्यात एका प्रदर्शनात जागा मिळाली आहे. नाही कळवावं का, या विचारात आहे. सुताचं, कापडाचं काम करणाऱ्यांनी सांगा: असं झालं तेव्हा तुम्ही वाट पाहिलीत, की ओढ नसतानाच बसलात? आणि बसलात तर नेमकं काय करत बसलात?

उभा_धागा

ताई, आमचा येवल्यात माग आहे. पदरावर मोर भरायचे तर मन लागलेलंच हवं, त्यावर दुसरा उपाय नाही. पण मागावरचं सगळंच काम तसलं नसतं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की आम्ही तो पुरा विणून काढून टाकत नाही. फणीतून ओवलेली जुनी टोकं तशीच राहू देतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पीळ देऊन जोडतो. हजारो धागे असतात, पुन्हा पहिल्यापासून ओवत बसायला नको म्हणून ही रीत. जोडणीला काही सुचावं लागत नाही. बोटं चालू राहतात, आणि जोडणी पुरी झाली की माग तयार असतो. तयार मागावर बसायला मन फारसं आढेवेढे घेत नाही, निदान माझं तरी.

तुम्हीही संध्याकाळी उठताना ओळ पुरी करू नका. अर्ध्यात सोडा, सुईत दोरा ओवलेला ठेवा. आणि प्रदर्शनाला आत्ताच नाही म्हणू नका, हात जोडून सांगतो.

अलाबामाकर

मी बर्मिंगहॅमला राहते, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं. इथून दक्षिणेला अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबलेल्यांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. नवरा गेल्यावर मिसूरी पेटवे या बाईंनी १९४२ साली त्याच्याच शेतातल्या कपड्यांची गोधडी केली. ती आज कलेच्या पुस्तकांत छापली जाते.

तुमचं वाचून मला तिथली पुढची गोष्ट आठवली. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांचं काम सुरू झालं. तिथेही तेच: ठरलेला नमुना, ठरलेलं माप, सगळं एकसारखं. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीकडून कॉर्डुरॉयच्या, म्हणजे उभ्या रेघांच्या जाड कापडाच्या, उशीच्या अभ्र्यांचं काम मिळालं. अभ्रे एक झाकावा आणि दुसरा काढावा असे. पण कापून उरलेल्या पट्ट्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांच्या स्वतःसाठी गोधड्या केल्या. कॉर्डुरॉय जाड, त्यात बारीक टाक्यांचं नाजूक काम होत नाही. मग मोठाले तुकडे, लांब पट्ट्या. सोनेरी, शेवाळी, लालभडक. कापडानंच मांडणी ठरवली म्हणा ना. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. मला त्यांत कॉर्डुरॉयच्या सगळ्यात आवडतात. त्यांच्यासमोरून पाय निघत नाही.

त्या ऑर्डरची कातरण तुम्ही ठेवली आहे का? थानं नव्हे, कातरण. असेल तर काही दिवस फक्त तेवढ्यातच काम करून बघा.

डावा_हात

वेगळं विचारते, राग मानू नका. ओढ फक्त शिवणाचीच गेली आहे, की स्वयंपाक, माणसं, झोप, सगळ्यातलीच? सगळ्यातली असेल तर डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. मी वर्षभर ‘प्रेरणा’ शोधत होते आणि खांदा आखडलेला होता. सुई धरली की दुखायचं, म्हणून मन टाळायचं. व्यायामानं खांदा सुटला आणि भरतकाम परत सुरू झालं.

हल्याळची_लेक

माझं माहेर कर्नाटकातल्या हल्याळचं. आमच्याकडे सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बायका कवंदी शिवतात. ती त्यांची गोधडीच. खाली एक आख्खी जुनी साडी अंथरायची आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. गाठोड्यातून हाताला येईल ते ठिगळ घ्यायचं, टाके घालायचे, त्याच्या शेजारी दुसरं, असं कडेकडेनं फिरत मध्याकडे यायचं. कागदावर काही काढत नाहीत. शेवटी चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ लावायची, त्यांच्याशिवाय कवंदी उघडी राहिली असं मानतात. लहानपणी मी त्यांच्या बाजूला तासन्‌तास बसलेय. ‘आता इथे काय लावू’ म्हणून हात अडलेला पाहिला नाही, कारण निवड हातात आलेल्या तुकड्यापुरतीच असते.

काठपदर, तुमच्या लिहिण्यात गाठोडं आजीच्या वेळी आहे आणि त्यानंतर कुठेच नाही. कपाट आहे, थान आहे, रंगवार घड्या आहेत. नव्या कापडाला स्वतःचं काहीच म्हणणं नसतं, सगळं तुम्हीच ठरवायचं. विरलेलं लुगडं सांगतं की मला इथे दुमडा, इथला काठ अजून मजबूत आहे, इथे ठिगळ लागणारच. तुमची ओढ गेलीय असं मला वाटत नाही. सुरुवात करून देणारं कापड घरातून गेलंय. पावसाआधीचं आभाळ राहू दे बाजूला. आधी गाठोडं सोडा.

काठपदर

सगळ्यांचे मनापासून आभार. डावा_हात, जेवण-झोप ठीक आहे, शेजारणीशी गप्पाही होतात. डोळे तपासायचे राहिलेत, ते करते.

हल्याळची_लेक, तुमचं वाचून सुचेनासं झालं. भिंतीवरच्या कामाला मागणी आली तसं मी हळूहळू नवं कापड घेत गेले, कारण जुनं टिकणार नाही अशी गिऱ्हाइकांची शंका असायची. गाठोडं माळ्यावर होतं, ते खाली काढलं. सासूबाईंची दोन इरकली लुगडी, मामंजींचं धोतर, मुलींचे फ्रॉक. लुगडी मधोमध जाळीसारखी विरलेली पण काठ शाबूत. उन्हात टाकली आणि संध्याकाळी घडी घालायला गेले, तर घडी न घालता तिथेच अंथरून बसले. विरलेला भाग झाकायचा तर ठिगळ कुठे येणार हे दिसतच होतं. ऑर्डरची राखाडी आणि विटकरी कातरण पोत्यात होती. तीही काढली. विटकरी रंग इरकलीच्या काठाशेजारी मला आवडला. त्या रंगाचा इतका कंटाळा आला होता की असं होईल वाटलं नव्हतं.

एका कोपऱ्यापासून निघाले आहे. कसली मांडणी होईल ते माहीत नाही. उभा_धागा, सुई ओळीत अडकवून उठते, आणि सकाळी चहाआधीच तिथे जाऊन बसते. पुण्याला होकार कळवला, काम कोणतं ते नंतर सांगेन म्हणून.

एक अडचण आहे. नवी कातरण जाड, लुगडं मऊ. दोन्ही एकत्र शिवल्यावर धुताना लुगडं टाक्यापाशी फाटेल का?

हल्याळची_लेक

फाटू शकतं. कातरण आधी गरम पाण्यातून काढा. नवं सुती कापड आटतं आणि शिवल्यावर आटलं तर लुगड्याला ओढ बसते. दोरा सुतीच घ्या, पॉलिएस्टरचा नको, तो विरलेल्या कापडाला कापत जातो. लुगड्याखाली धोतराचा एक थर सलग घाला म्हणजे ताण त्याच्यावर येईल. आणि फार विरलेल्या जागी टाके दाट घालू नका.