सोसायटी ग्रुप (ए-बी-सी विंग), कर्वेनगर : लिमयेंचा लॅपटॉप

बी-३०२ लिमये: सर्व सभासदांना नमस्कार. आपल्याकडे निम्मी घरं आयटीतली आहेत असं ऐकून आहे. तरीही शनिवारपासून माझा लॅपटॉप बंद पडल्यात जमा आहे आणि "बघतो काका" यापलीकडे कोणाकडून काही हललेलं नाही. शेवटी बाहेरचा माणूस बोलावला. त्याने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, विंडोज १० बंद झालं, हे आता भंगार, नवीन घ्या. व्हिजिटचे ७०० रुपये घेऊन गेला. हे योग्य की अयोग्य, जाणकारांनी सांगावे.

ए-१०४ शिंदेकाकू: "बघतो" म्हणणारा आमचा ओजस, हे सगळ्यांना कळतंय. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

बी-३०२ लिमये: मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

बी-१०१ परांजपे: टाकीच्या वेळीही कोणी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. तरी मीटिंगमधून तीन जण उठून गेले 😄

सेक्रेटरी वाघ: टाकीचा विषय इथे नको. कृपया.

सी-५०१ कदम: मी मागेही सुचवलं होतं. सोसायटीने एका एजन्सीशी कॉम्प्युटरची वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) करावी. लिफ्टची आहे, पंपाची आहे, मग कॉम्प्युटरची का नाही?

सेक्रेटरी वाघ: कदमसाहेब, लिफ्टची एएमसी मेंटेनन्समधून जाते. मेंटेनन्स कोणाचा थकलाय ते बोर्डावर लावलंय.

सी-५०१ कदम: चेक दिलाय मी.

सेक्रेटरी वाघ: सही राहिली होती. परत दिलाय.

ए-४०२ मृणाल: काका, बंद पडला म्हणजे नक्की काय? सुरूच होत नाही, की सुरू होऊन रखडतो?

बी-३०२ लिमये: सुरू होतो. बटण दाबून अंघोळीला जावं, आल्यावर चिन्हं दिसतात. आणि कोपऱ्यात सारखी पाटी येते, तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, इथे दाबा.

बी-१०१ परांजपे: दाबलंत?

बी-३०२ लिमये: प्रश्नाचा सूर आवडला नाही.

ए-४०२ मृणाल: काका, या दोन वेगळ्या भानगडी आहेत. ती पाटी बहुतेक व्हायरसची नाही, जाहिरात आहे. कुठल्यातरी साइटवर "अलाउ" दाबलं गेलं की ती साइट क्रोममधून अशा पाट्या पाठवत राहते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका.
आणि विंडोज १० "बंद" नाही झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे अपडेट थांबले. मशीन चालतंच. सुरक्षेचे अपडेट हवे असतील तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच करता येते. त्यासाठी भंगारात कशाला काढायचा? त्या माणसाला नवीन विकायचा असेल.

सी-३०५ भोसले: विषय निघालाच आहे तर, आमचा प्रिंटर नवीन राउटर आल्यापासून वायफाय पकडत नाही. मोबाइल पकडतो. कोणी येईल का आज?

ए-४०२ मृणाल: बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, ५ चं नाही. राउटरवर दोन नावं दिसत असतील तर ५जी लिहिलेलं सोडून दुसरं निवडा.

सी-३०५ भोसले: आमच्याकडे सिम ४जीचं आहे पण.

बी-१०१ परांजपे: 🙏

ए-१०४ शिंदेकाकू: "कोणी येईल का" म्हणजे कोण, तेही लिहून टाका एकदा. पोरगा हिंजवडीहून रात्री नऊला येतो. वाकड पुलाखाली दीड तास काढून. जेवायला बसला की बेल. एकदा टीव्हीचा रिमोट, एकदा पेन ड्राइव्ह, एकदा तर गीझर. आयटीत आहे म्हणजे गीझर दुरुस्त करतो का?

बी-६०४ (भाडेकरू): मी तर दुकानात दिला होता. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ फॉरमॅट केला. मुलीच्या बारशाचे फोटो गेले. दुरुस्तीला देण्याआधी फोटो दुसरीकडे काढून ठेवा, एवढंच सांगतो.

सी-५०१ कदम: म्हणूनच एएमसी.

सी-२०३ आपटेआजी: मृणाल अगं माझ्या मोठ्या कॉम्प्युटरवर पण तसंच लाल लाल झालं आणि आतून बाई ओरडायला लागली मी खाली दिलेल्या नंबरवर फोन केला मुलगा इतका गोड बोलतो हिंदीत माताजी माताजी म्हणतो कंपनीतूनच आहे त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं आकडे विचारले आता तोच दुरुस्त करतोय बाण आपोआप फिरतो गंमत वाटते मी मोबाइलवर बोलून टाईप करते आहे

ए-४०२ मृणाल: आजी आत्ता???

ए-४०२ मृणाल: आजी राउटरचं बटण बंद करा. भिंतीवरचं. आत्ता. फोन कट करा.

सी-३०५ भोसले: पांढरी स्विफ्ट कोणाची? गेटच्या तोंडावर लावली आहे.

ए-४०२ मृणाल: सी विंगला घरी कोण आहे? आजी फोन उचलत नाहीत!

ए-१०४ ओजस: मी आज घरून काम करतोय. निघालो.

सी-५०१ कदम: मी मागेही सुचवलं होतं. सोसायटीने एका एजन्सीशी कॉम्प्युटरची वर्षाची एएमसी

सेक्रेटरी वाघ: कदमसाहेब, जरा थांबा हो!

बी-१०१ परांजपे: स्विफ्ट माझी. हलवतो. आजींचं काय झालं?

ए-१०४ ओजस: राउटर बंद केला. त्याने बँकेचं पान उघडून ठेवलं होतं आणि आजींना "रिफंड जमा करायचाय, पासवर्ड टाका" म्हणत होता. आजींना पासवर्ड आठवत नव्हता म्हणून थांबलं. पैसे गेलेले नाहीत, बँकेत फोन करून नेटबँकिंग तात्पुरतं बंद करून घेतलंय. त्याने आत आणखी काय सोडलंय सांगता येत नाही, त्यामुळे फोटो बाजूला काढून विंडोज नव्याने टाकतो. तोवर कॉम्प्युटर नेटला जोडायचा नाही.

सी-२०३ आपटेआजी: पासवर्ड नातवाच्या नावाने आहे एवढं आठवतं पुढे जन्मसाल की फ्लॅट नंबर ते आठवेना

बी-१०१ परांजपे: आजी, तो मेसेज आधी डिलीट करा.

ए-४०२ मृणाल: सगळ्यांसाठी लिहिते, घरच्या मोठ्यांना वाचून दाखवा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की खोटं. स्क्रीन अडकली तर एस्केप दाबून धरा, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप एकदम दाबा आणि जी टास्क मॅनेजरची यादी उघडेल तिथून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं उघडू का" विचारेल, नको म्हणा. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त.

बी-३०२ लिमये: आपटेवहिनी सुखरूप आहेत, आनंद आहे. माझ्या लॅपटॉपचा विषय मात्र मागे पडला.

ए-१०४ शिंदेकाकू: 🙂

ए-१०४ ओजस: काका, येताना तुमच्याकडे डोकावलो होतो, काकूंनी दाखवला. २०१६ चा आहे, प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, त्यामुळे ते विसरा. पण रखडतोय तो जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. ती काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घातली की अंघोळीआधीच सुरू होईल. रॅमही ४ जीबीच आहे, ८ करा. मदरबोर्डला काही झालेलं नाही.

बी-३०२ लिमये: एसएसडी कुठे मिळेल? बिलासहित.

बी-१०१ परांजपे: तपकीर गल्ली. पण गाडी घरी ठेवा, नाहीतर एसएसडीपेक्षा टोइंगचं बिल मोठं यायचं.

बी-३०२ लिमये: तुम्ही पार्किंगवर बोलावं हे विशेष.

सेक्रेटरी वाघ: जुनी हार्ड डिस्क, मॉनिटर वगैरे मीटर रूममध्ये ठेवू नये. एक टीव्ही दिवाळीपासून तिथे आहे. सुक्या कचऱ्यातही टाकायचा नाही, ई-कचरा वेगळा द्यायचा असतो. कचरा न्यायला येणाऱ्या "स्वच्छ"च्या ताईंना विचारा, त्या सांगतात कुठे द्यायचा ते.

सी-५०१ कदम: टीव्ही आमचा नाही.

सेक्रेटरी वाघ: मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

ए-१०४ शिंदेकाकू: एक स्पष्टच बोलते, राग आला तर येऊ दे. आजींसाठी तो अर्ध्या रात्रीही जाईल. पण दहावीच्या सुट्टीपासून सगळ्यांचे कॉम्प्युटर बघतोय. मागच्या महिन्यात एका घरी दोन तास बसून फाइल्स काढून दिल्या तर म्हणे, "आधीपेक्षा स्लो झालाय, काय केलंस?" प्लंबरला कोणी विचारतं असं? त्याला रोख देता, वर चहा देता.

बी-६०४ (भाडेकरू): काकू बरोबर आहे. पैसे ठरवून घ्या.

सी-३०५ भोसले: आता शेजारीही पैसे घेणार का? आमच्या वाड्यात असं नव्हतं.

बी-१०१ परांजपे: वाड्यात प्रिंटर नव्हता.

ए-१०४ ओजस: आई, जाऊ दे. मी आणि मृणालताई महिन्याच्या पहिल्या रविवारी ११ ते १ क्लब हाऊसमध्ये बसू. पैसे नकोत. चार्जर आणा, पासवर्ड आठवून या, फोटोंची एक प्रत आधी काढून आणा. ज्यांना चालता येत नाही त्यांच्याकडे आम्ही जाऊ. एरवी बेल वाजवू नका, ग्रुपवर लिहा. लिमयेकाका, तुम्ही एसएसडी आणि रॅम आणून ठेवा, या रविवारी बसवू. प्रिंटर आणू नयेत.

सेक्रेटरी वाघ: क्लब हाऊस उपलब्ध. पंखा एकच चालतो.

बी-३०२ लिमये: ठीक. ११ ला येतो.

सी-३०५ भोसले: प्रिंटर का नाही?

ए-१०४ ओजस: प्रिंटर नाही.