मदत हवी आहे : सप्लायर क्वालिटीतली नोकरी गेली, छोट्या युनिट्सना सल्ला द्यायला सुरुवात कशी करू?

मिलीमीटर : चाकणच्या टियर-१ (गाडी कंपनीला थेट माल पुरवणाऱ्या) कंपनीत सप्लायर क्वालिटीचं, म्हणजे व्हेंडरांच्या मालाचा दर्जा सांभाळायचं, काम होतं, आता नोकरी गेली आहे. पीपॅप (पार्ट मंजूर करून घ्यायला कस्टमरला द्यायची फाइल), कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं त्याचा तक्ता), एमएसए (मोजमाप पद्धतीची पारख), व्हेंडर ऑडिट येतं. मशीनिंग आणि शीट मेटल दोन्ही जमतं. भोसरी-चाकणच्या लहान व्हेंडरांना सल्ला द्यायचा विचार आहे. नेमकं काय विकायचं, फी किती सांगायची, कराचं काय, आणि जुन्या कंपनीच्या व्हेंडरांकडे गेलं तर चालेल का?

गेजरूम : कार्डावर नुसतं ‘क्वालिटी सल्लागार’ असेल तर मालक चहा पाजून वाटेला लावेल. आयएसओची कागदं करून देणारे भोसरीत गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या भावात तुम्हाला परवडणार नाही. मालकाला खुपतं ते वेगळंच : कस्टमरची डेबिट नोट (खराब मालापोटी पैशांची कपात), कस्टमरच्या दारात स्वतःची माणसं बसवून चाललेलं सॉर्टिंग (खराब पार्ट वेगळे काढणं), परत आलेलं पीपॅप. यातलं एकच दुखणं धरा.

पीपॅपच घ्या. घटक १८, पण फाइल परत येते ती ठरावीक जागांवरून. प्रोसेस फ्लो, पीएफएमईए (प्रक्रियेत कुठे काय चुकू शकतं त्याचा तक्ता) आणि कंट्रोल प्लॅनमधले ऑपरेशन नंबर जुळत नाहीत. ड्रॉइंगवरच्या नोट्सना बलून नंबरच (गोलातला अनुक्रमांक) दिलेला नसतो, मग त्या लेआउट रिपोर्टमध्ये, म्हणजे मोजमापांच्या यादीत, येतच नाहीत. आणि गेज आर अँड आर, म्हणजे गेज आणि ऑपरेटरमुळे मोजमापात किती फरक पडतो त्याचा अभ्यास, सरळ दुसऱ्या पार्टच्या फाइलमधून उचललेला असतो (कस्टमरच्या एसक्यूए, म्हणजे सप्लायर क्वालिटीच्या, लोकांना हे पहिल्या नजरेत कळतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको).

तो अभ्यास नीट करून देणं हेच एक विकण्याजोगं काम आहे. १० पार्ट, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा, म्हणजे ९० रीडिंग. निकाल, म्हणजे एकूण फरकात मोजमापाचा वाटा, १०% च्या आत आला तर ठीक, १० ते ३० मध्ये कस्टमरची संमती घ्यावी, ३० च्या वर गेज किंवा मोजायची पद्धत सुधारावी लागते. बिघडतं दोन कारणांनी. एक, ±०.०२ मिमीच्या मितीला ०.०१ चा डिजिटल व्हर्निअर लावलेला असतो. एकूण टॉलरन्स ०.०४, गेज त्याच्या दहाव्या भागाइतकं, म्हणजे ०.००४ पर्यंत, बारीक मोजणारं हवं, म्हणून तिथे ०.००१ चा मायक्रोमीटर हवा. दुसरं, दहाही पार्ट मशीनवरून लागोपाठ उचलतात. पार्टापार्टांत फरकच नसला की चांगलं गेजही नापास दिसतं. वेगवेगळ्या शिफ्टचे, टूल बदलण्याआधीचे आणि नंतरचे पार्ट घ्या.

सुरुवात दोन दिवसांच्या सशुल्क पाहणीने करा. पहिल्या दिवशी सहा महिन्यांच्या तक्रारी, डेबिट नोटा आणि रिजेक्शन रजिस्टर. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त पैसे खाणारा एकच पार्ट कच्च्या मालापासून डिस्पॅचपर्यंत बघायचा. शेवटच्या ८डीत (तक्रारीवर काय केलं त्याचा अहवाल) लिहिलेला उपाय मशीनवर खरंच आहे का, हेही. अहवाल तीन-चार पानी, मराठीत, फोटोंसह, आणि नुकसान महिन्याच्या रुपयांत. टक्क्यांत लिहिलंत तर मालक वाचणार नाही.

फीसाठी जुना पगार भागिले २५ करू नका. महिन्यात बिल होणारे दिवस ११ धरा, बाकीचे भेटीगाठी, कोटेशन आणि वसुलीत जातात. घरखर्च ९०,००० आणि मेडिक्लेम, प्रवास, कर वगैरे २०,००० धरले तर दिवसाचा दर १०,००० येतो. त्याखाली उतरू नका, हवं तर काम कमी करा. निम्मी रक्कम वर्क ऑर्डरसोबतच घ्या.

हिशेबनीस : कराचं थोडक्यात. सेवांना वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. महाराष्ट्रात स्वतःच्या नावाने व्यवसाय कर वर्षाला २,५००. तांत्रिक सल्ला ४४एडीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत बसतो : जमेच्या ५०% उत्पन्न दाखवायचं, मर्यादा ५० लाख (रोखीचा वाटा ५% च्या आत असेल तर ७५ लाख), आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्याच आठवड्यात करा, फुकट आहे. मग लेखी करार असला तरी तुमचं बिल चुकवायची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. प्रत्यक्षात व्याज कोणी मागत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक दिसला की अकाउंट्सवाला फाइल वर घेतो.

जुन्या व्हेंडरांबद्दल : नोकरी सोडल्यावरची ‘स्पर्धा करणार नाही’ ही अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही, गोपनीयतेची मात्र टिकते. तेव्हा व्हेंडरकडे खुशाल जा, पण जुन्या कंपनीची ड्रॉइंग आणि एफएमईए पेनड्राइव्हमधून नेऊ नका. फॉरमॅट स्वतःचे बनवा.

मिलीमीटर : मनापासून आभार. एक मालक म्हणतो, रिजेक्शन कमी झालं तरच पैसे. हो म्हणू का?

गेजरूम : पूर्ण रक्कम त्यावर नको. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) वेळेवर बदलायचा की घासत ठेवायचा, हे तो ठरवणार आणि फी तुमची अडकणार. ७०% ठरलेली, ३०% निकालावर, असं मांडा. आधीच्या तीन महिन्यांचा आकडा दोघांच्या सहीने पक्का करा. सेटिंगचे पीस धरायचे की नाही, रीवर्क रिजेक्शनमध्ये येतं का, मोजणार कोण, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहा. रजिस्टर त्यांचा सुपरवायझर भरत असेल तर आठवड्यातून एकदा स्क्रॅपचा डबा स्वतः मोजून आकडा ताडून बघा.