डब्ल्यूएचओ एकटी बंद करता येईल का? (चर्चा)

ढगोबा: जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी डब्ल्यूएचओतून बाहेर पडायचा आदेश काढला तेव्हापासून एकच ऐकतोय, बंद करा असल्या संस्था. अरे पण एक बंद करून भागत नाही ना! कुठल्या देशाने 'तुमचं अन्न सुरक्षित नाही' म्हणून माल अडवला आणि भांडण डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेलं की १९९५ पासून तिथे मोजमाप लावतात कोडेक्सचं, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांचं, आणि कोडेक्स चालवतं कोण तर एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओ मिळून, तेही १९६३ पासून. मांसात कुठल्या औषधाचा किती अंश चालेल हे व्यापारवाले ठरवू शकत नाहीत, त्यांचं ते कामच नाही. म्हणजे डब्ल्यूएचओ ढिली पडली की तिकडचे खटलेही लंगडे.

खडूस_काका: अर्धंच सांगितलंस. डब्ल्यूटीओशी गाठ बांधली म्हणूनच कोडेक्सचा आखाडा झाला. आधी तिथले आकडे नुसते सल्ल्यासारखे होते. १९९५ मध्ये गुरांना देतात त्या वाढीच्या हार्मोन्सची मर्यादा आली तर थेट मतदान, ३३ विरुद्ध २९. विज्ञान मतांवर ठरतं होय? आणि असं हार्मोनवालं मांस युरोपने बंद केलं होतं, त्यावरची डब्ल्यूटीओतली केस १९९८ मध्ये युरोप हरला तरी बंदी काही उठवली नाही. कसलं सहकार्य, एकीचं राजकारण दुसरीत शिरतं बस.

रडारवाली: काका, सगळीकडे असं नाहीये. विमानं घ्या. लांब पल्ल्याच्या विमानांना वरच्या वाऱ्याचा अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन या दोन केंद्रांकडून मिळतो, व्यवस्था आयकाओची (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना), निरीक्षणांची देवाणघेवाण डब्ल्यूएमओची (जागतिक हवामान संघटना). आणि तीच विमानं उडताना वारा-तापमान मोजून हवामानवाल्यांना परत पाठवतात. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली तेव्हा हा डेटा धाडकन खाली आला होता. मतदान वगैरे कोणी मागत नाही.

खडूस_काका: कारण तिथे कोणाचा माल अडत नाही, सगळ्यांचाच फायदा. पैसा आला की बघ काय होतं ते. डब्ल्यूटीओचं अपील कोर्टच डिसेंबर २०१९ पासून ठप्प, अमेरिकेने नेमणुकाच होऊ दिल्या नाहीत, हरलेला पक्ष अपील करून मोकळा आणि निकाल लटकलेला. अडवायला एक देश पुरला, एकमेकींत गुंतलेल्या या संस्थांच्या जाळ्याने काय केलं?

ढगोबा: ३३-२९ मान्य, ते वाईटच दिसतं. पण ती मर्यादा मुळात आली कुठून? एफएओ-डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ समितीकडून, मतं पडली ती नंतर, सरकारांची. ती समितीच नसेल तर मग नुसतीच मतं उरतील ना? आणि कोर्ट ठप्प झालं म्हणता, तर २०२० मध्ये युरोप, चीन आणि आणखी काही देशांनी आपापसात तात्पुरती अपील व्यवस्था उभी केली की, करार तेच जुने डब्ल्यूटीओचे, म्हणजे तिथेही उद्या अन्नाचं भांडण आलं तर परत कोडेक्सचाच आकडा काढणार.