स्कॉर्मचं तेरावं इतक्यात घालू नका

शेंगदाणाचटणी (धागाकर्ती)
'स्कॉर्म मेला, आता एक्सएपीआय घ्या' अशी पोस्ट परवा निवांत_नोड यांनी इथेच टाकली. (दोन्ही ऑनलाइन कोर्सच्या नोंदी ठेवायची स्टँडर्डं, स्कॉर्म जुनं, एक्सएपीआय नवं.) सार असं की स्कॉर्म फक्त 'झालं / नाही झालं' सांगतो, एक्सएपीआयमध्ये माणसाने व्हिडिओ कुठे थांबवला, कुठे मागे नेला ते सगळं नोंदता येतं, आणि अजून स्कॉर्मच्या १.२ आवृत्तीला चिकटून बसलेले लोक आळशी आहेत. खाली उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी त्या आळशांतलीच. एका कारखान्याची एलएमएस (कोर्स चालवून नोंदी ठेवणारी प्रणाली) सांभाळते. १.२ हे २००१ सालचं, मान्य. पास-नापास आणि पूर्ण-अपूर्ण 'लेसन स्टेटस' या एकाच रकान्यात कोंबलंय, मान्य. सस्पेंड डेटाला (कोर्स कुठे सोडला त्याच्या नोंदीला) जेमतेम ४०९६ अक्षरं, मोठ्या कोर्सात बुकमार्क उडतो, तेही मान्य. पण १.२ च्या कोर्सची झिप कुठल्याही एलएमएसमध्ये टाका, कोर्स उघडतो. मूडलसुद्धा (तीही एक एलएमएसच) १.२ च नीट चालवतं, पुढच्या स्कॉर्म २००४ चा पूर्ण आधार त्यात नाही.

आम्हीही हौसेने एलआरएस (एक्सएपीआयच्या नोंदी साठवणारी प्रणाली) घेतला होता बरं का. फोर्कलिफ्टचा कोर्स एका व्हेंडरचा, अग्निसुरक्षेचा दुसऱ्याचा. एकाच्या नोंदीतल्या 'कम्प्लिटेड' क्रियापदाचा वेब-पत्ता एडीएलचा (ही स्टँडर्डं काढणारी संस्था), दुसऱ्याचा अ‍ॅक्टिव्हिटी स्ट्रीम्स नावाच्या वेगळ्याच यादीचा. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी क्रियापदं, म्हणजे रिपोर्टही दोन. एकाने माणूस ईमेलवरून ओळखला, दुसऱ्याने कर्मचारी क्रमांकावरून. शॉपफ्लोअरवर कित्येकांना कंपनीचा ईमेलच नाही, म्हणून कोणीतरी सुपरवायझरचा घातला. झालं! एकटा सुपरवायझर अख्ख्या पाळीच्या वतीने फोर्कलिफ्ट शिकला. ऑडिटर मात्र तीनच गोष्टी विचारतो: कोणी केला, कधी केला, गुण किती. त्या तीन गोष्टी काढायला मला एक्सेल घेऊन बसावं लागलं.

निवांत_नोड
'आळशी' मागे घेत नाही.

ताई, तुमची तक्रार खरेदीबद्दल आहे, स्टँडर्डबद्दल नाही. दोन व्हेंडरांना एकच प्रोफाइल (क्रियापदांची ठरलेली यादी) द्यायचं आणि ओळख ईमेलने नाही, अकाउंटनेच (कंपनीच्या खात्याच्या ओळखीने) पाठवायची हे करारात का नव्हतं? नेमक्या याच गोंधळासाठी २०१६ मध्ये सीएमआय५ (एलएमएसमध्ये एक्सएपीआय वापरायचे ठरीव नियम) आलं. त्यात नऊच क्रियापदं ठरवून दिलीत, ओळख अकाउंटनेच, आणि ती एलएमएस देते, व्हेंडर नाही. एक्सएपीआय २.० तर २०२३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं अधिकृत स्टँडर्ड झालं.

आणि तुमच्या लाडक्या १.२ चं गुपित सांगू? कोर्स उघडा, ब्राउझरचा कन्सोल उघडा, एपीआयची वस्तू (कोर्स तिच्यातूनच एलएमएसशी बोलतो) शोधा आणि लेसन स्टेटसला 'पास्ड' लिहा, गुणांच्या जागी हवा तो आकडा. दोन ओळी. कोणी केला, कधी केला, गुण किती, तिन्ही उत्तरं तयार. ऑडिटर खूश.

जर्सीकर
इकडे औषध कंपनीत आहे. आमच्याकडे अमेरिकेच्या एफडीएचा '२१ सीएफआर पार्ट ११' हा नियम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद आणि सही दोन्हींचा माग ठेवावा लागतो. इतक्या तपासण्या पाहिल्या, पण 'या माणसाने व्हिडिओ कितव्या सेकंदाला थांबवला' असं एकाही इन्स्पेक्टरने विचारलं नाही. एसओपीची (कामाच्या लेखी पद्धतीची) कुठली आवृत्ती वाचली आणि काम सुरू करण्याआधी वाचली का, एवढंच. धागाकर्तीला +१.

कन्सोलचं मात्र खरं आहे. आमच्या इंटर्नने करून दाखवलं होतं.

शेंगदाणाचटणी
नोडसाहेब, करार आम्ही करत नाही, परचेस करतं. तिथे 'एक्सएपीआय कंप्लायंट' एवढा शब्द दिसला की टिक.

कन्सोलच्या ओळी मान्य. पण जुन्या टिनकॅन पद्धतीने (एक्सएपीआयचंच आधीचं नाव) कोर्स उघडताना एलआरएसचा युजर-पासवर्ड लिंकमध्येच जायचा, ते सांगायचं राहिलं वाटतं? एकदा तो मिळाला की कोणाच्याही नावाने काहीही पाठवा.

रात्रपाळी
इन्स्ट्रक्शनल डिझायनर (कोर्स रचणारा) आहे, पोटतिडकीने लिहितोय. तुमची स्टँडर्डं चुलीत घाला, आधी 'नेक्स्ट लॉक' बंद करा. प्रत्येक क्लायंट एकच मागणी घेऊन येतो: निवेदन संपेपर्यंत नेक्स्ट चालू होता कामा नये. स्लाइडवर चार ओळी, वाचायला दहा सेकंद, निवेदिका बाई मात्र चाळीस सेकंद तेच वाचते. मधल्या वेळात माणूस व्हॉट्सॲप बघतो. मग तोच क्लायंट म्हणतो, 'बघा, स्लाइडवर सरासरी चाळीस सेकंद एंगेजमेंट!' हेच आकडे उद्या एक्सएपीआयने गोळा करणार ना?

खडूफळा
जि.प. शाळेत शिक्षक आहे. तुमची इंग्रजी अक्षरं फारशी कळली नाहीत, पण रात्रपाळी यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं.

आमची ऑनलाइन प्रशिक्षणं. पोर्टलचं नाव घेत नाही. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही. मग सगळे काय करतात? आवाज बंद, मोबाइल चार्जरला लावून कपाटावर, आणि आपण वर्गावर. मधल्या सुट्टीत येऊन पुढचा लावायचा. शेवटी प्रश्नमंजुषा, तिची उत्तरं आदल्या रात्रीच ग्रुपवर आलेली असतात. प्रमाणपत्र आलं की स्क्रीनशॉट केंद्राच्या ग्रुपवर. ज्याचा नाही आला त्याचं नाव लाल रंगात.

निवांत_नोड
म्हणजे शिक्षकच कॉपी करतात आणि दोष ट्रॅकिंगला. उत्तम. गुरुजी, व्हिडिओ म्यूट होता की नाही, स्क्रीन पुढे होती की मागे, हे सगळं नोंदवता येतं. म्हणून तर मी म्हणतोय.

खडूफळा
साहेब, दोन शिक्षकी शाळा आहे आमची. माझ्याकडे दोन वर्ग, पोषण आहाराची नोंद, वर्षभर कुठलं ना कुठलं सर्वेक्षण. रेंज यायची तर मैदानाच्या कोपऱ्यात. मुलं सोडून मी त्या कोपऱ्यात जाऊन व्हिडिओ बघावा का? तुम्ही म्यूट नोंदवा, आम्ही आवाज चालू ठेवून कपाट बंद करू.

जर्सीकर
कपाट बंद!! हसून ठसका लागला.

रात्रपाळी
निवांत_नोड, गुरुजींवर घसरू नका. तीन तासांचं रटाळ निवेदन बनवणाऱ्याला कॉपी म्हणत नाही, ते म्यूट करणाऱ्याला म्हणता?

निवांत_नोड
घसरलो नाही, वस्तुस्थिती सांगितली. इथे भावनेवर +१ मिळतात, मुद्द्यावर नाही. चालू द्या.

पाटीपेन्सिल
वकील आहे, शाळकरी मुलाची आईही. 'सगळं नोंदवता येतं' हे वाक्य इतक्या कौतुकाने लिहिलेलं पाहून राहवलं नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत आणि वर्तनाची नोंद यांना मनाई आहे. शाळांना नियमांत सवलत आहे, पण शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता एवढ्यापुरती. अमेरिकेत इनब्लूम नावाचा विद्यार्थ्यांच्या डेटाचा मोठा प्रकल्प होता, गेट्स फाउंडेशनचा पैसा होता. पालकांनी रान उठवलं आणि २०१४ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. तंत्रज्ञान बिघडलं म्हणून नाही, लोकांचा विश्वास उडाला म्हणून.

रच्याकने, 'दीक्षा' हे सरकारी शालेय पोर्टल ज्यावर उभं आहे त्या सनबर्ड प्रणालीमध्ये स्कॉर्मही नाही आणि एक्सएपीआयही नाही, त्यांचा टेलिमेट्रीचा (वापराच्या नोंदींचा) नमुना वेगळाच. म्हणजे देशातलं इतकं मोठं शालेय व्यासपीठ तुमच्या भांडणाबाहेरच आहे.

निवांत_नोड
मुलांच्या बाबतीत सहमत. मोठ्यांच्या नोकरीतल्या प्रशिक्षणाबद्दल बोलत होतो, पण इथे विषयावर राहायची सक्ती नसावी.

संपादक मंडळ
शिक्षक प्रशिक्षण आणि नेक्स्ट बटण यांवरचे प्रतिसाद कृपया वेगळ्या धाग्यात लिहावेत. वैयक्तिक शेरे टाळा.

खडूफळा
शेवटचं अवांतर, माफ करा. माझा एक व्हिडिओ नेहमी ९९ टक्क्यांवर अडकतो. आज अंतिम तारीख आहे. कोणाला उपाय माहीत आहे का?

रात्रपाळी
गुरुजी, मागचा बॅक दाबून ॲप बंद करताय का? बहुतेक 'संपलं'ची नोंद प्लेअरमधून बाहेर पडताना जात असणार. शेवटचा अर्धा मिनिट मागे ओढा, चालू द्या, मग आतल्या बटणानेच बाहेर पडा. रेंज असताना.

शेंगदाणाचटणी
हाच रोग आमच्याकडे २०२० मध्ये आला होता. क्रोम ८० पासून खिडकी बंद होताना सिंक्रोनस रिक्वेस्ट (उत्तर येईपर्यंत थांबणारी) पाठवणं बंद झालं. आमचे जुने कोर्स नेमके बंद होतानाच कमिट करायचे (नोंद एलएमएसला पाठवायचे). लोक शेवटच्या स्लाइडपर्यंत जायचे, खिडकी बंद करायचे, आणि रिपोर्टात 'इनकम्प्लीट'. एचआरने त्यांना मेमो दिले! मग आम्ही प्रत्येक स्लाइडला कमिट टाकलं तेव्हा थांबलं.

निवांत_नोड
बघा, तुमच्या १.२ ला ब्राउझरची एक आवृत्ती पुरली. आमच्याकडे फेचला (नोंद पाठवणाऱ्या आज्ञेला) कीपअलाइव्ह लावलं की खिडकी बंद झाली तरी नोंद जाते, काम झालं.

शेंगदाणाचटणी
लावलं की. ज्या व्हेंडरने लावलं नाही त्याची स्टेटमेंटंही तशीच गळतात, मग ती एक्सएपीआयची का असेनात. आमच्या दुसऱ्या व्हेंडरने लावलं नव्हतं.

निवांत_नोड
तो व्हेंडर बदला. (हे मी किती वेळा लिहायचं?)

बरं, एवढंच मान्य करतो: फक्त ऑडिटच दाखवायचं असेल तर १.२ पुरे. त्यासाठी एलआरएस घेणं म्हणजे पैसे उडवणं. पण तुम्हाला फोर्कलिफ्टच्या सिम्युलेटरची नोंद हवी असेल, ऑफलाइन टॅबवरची हवी असेल, तर १.२ तिथे पोचतच नाही. ते ब्राउझरच्या खिडकीत अडकलेलं आहे.

शेंगदाणाचटणी
सिम्युलेटर पुढच्या वर्षी येतोय खरा. तुमचं ते प्रोफाइल आणि करारात घालायचा मजकूर असेल तर द्याल का? परचेसच्या टेबलावर ठेवते. 'आळशी' शब्द त्यातून काढून द्या, ते लोक लगेच मनावर घेतात.

खडूफळा
झालं १०० टक्के! रात्रपाळी, आभार. व्हिडिओ कशावर होता ते विचारू नका.

निवांत_नोड
ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. लिंकमध्ये पासवर्ड नाही, तपासून घ्या.