निराधारच्या आजी-आबाजींना बँकेचा व्यवहार शिकवायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

घाटंजी_ग्रामसंघ
आमच्या ग्रामसंघातर्फे साठीच्या पुढच्या लोकांसाठी बँक-व्यवहाराच्या बैठका सुरू करतोय. बहुतेकांना श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधारचे महिन्याचे १५०० येतात, काहींना पीएम-किसानही आहे. निम्म्यांना वाचता येत नाही. शाखा लांब, म्हणून सगळे बँकमित्राकडेच (बँकेच्या वतीने गावात मशीनवर पैसे काढून देणारा) अंगठा लावतात. आधी योजनांवर एक भाषण ठेवलं होतं. लोकांनी ऐकलं, चहा घेतला, पण आपल्या खात्यात काय चाललंय हे कोणालाच सांगता येत नाही. काय शिकवावं, कधी, किती जणांना?

वणी_बँकसखी
ताई, योजना बाजूला ठेवा, पासबुक हातात घ्या. बैठकीआधी सगळ्यांना एंट्री मारून आणायला सांगा, कोऱ्या पासबुकावर काही शिकवता येत नाही. पहिल्या दिवशी एवढंच: शेवटच्या ओळीचा उजवीकडचा आकडा म्हणजे आपली शिल्लक. वाचता येत नसलं तरी नोटांमुळे आकडे ओळखू येतात. घोळ होतो तो १५००.०० मधल्या टिंबामुळे. पुढची दोन शून्यं धरून कोणी ते दीड लाख वाचतं. टिंबापासून पुढचं बोटाने झाकायचं, मग आकडा वाचायचा, हे प्रत्येकाकडून त्याच्याच पासबुकावर करून घ्या.

दुसरी बैठक फक्त अंगठ्यावर. खरी लूट तिथेच होते. "लागला नाही, परत लावा" असं दोन-तीनदा म्हणतात आणि त्यातला एक विड्रॉल झालेला असतो. म्हणून नियम एकच पाठ करून घ्या: पहिल्या अंगठ्याची पावती हातात आल्याशिवाय दुसरा अंगठा नाही. व्यवहार फसला तरी पावती निघते. शिल्लक बघायलाही अंगठा लागतो, तर त्याचीही पावती मागायची. पावतीवर रक्कम आणि उरलेली शिल्लक छापलेली असते. जुन्या पावत्या जमवा (आधार क्रमांकाचे आकडे खोडून) आणि लोकांना त्यावरची रक्कम शोधायला लावा.

खात्यातून कटले पण हातात आले नाहीत, तर ५ दिवसांत परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. तक्रार आपल्या शाखेत लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, फोन १४४४८. आणि पैसे काढून दिल्याचं कमिशन बँकमित्राला बँक देते. हजारामागे वीस रुपये हातावर घेणं चूकच, हे लोकांना ठणकावून सांगा.

दारव्हा_कास्तकार
वेळेचं बोलतो. निंदणाच्या नि कापूस वेच्याच्या दिवसांत बैठक ठेवू नका, वावर सोडून कोणी येत नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उरका. दहा-बारा जण, पाऊण तास, एका वेळी एकच गोष्ट. ज्यांच्या हातात आजीचं पासबुक असतं त्या सुनेला-नातवालाही बसवा, नाहीतर घरी गेल्यावर सगळं पाण्यात.

अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारी बँक) जिल्हा व्यवस्थापकांकडे आर्थिक साक्षरता केंद्राच्या शिबिरासाठी अर्ज करता येतो, पैसे लागत नाहीत. फक्त शिबिरात विम्याचे फॉर्म भरून घेऊ देऊ नका. ४३६ रुपयांच्या जीवनज्योती विम्यात पन्नाशीनंतर नव्याने नाव घालता येत नाही आणि संरक्षण ५५ ला संपतं. २० रुपयांचा अपघात विमा ७० पर्यंतच. मे-जूनच्या एंट्रीत हे आकडे दिसले तर वय तपासून बँकेत विचारा.

वाशीमकर
"पैसे आलेच नाहीत" याचं एक नेहमीचं कारण सांगतो. सरकारी अनुदान खाते क्रमांकावर न येता आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातं. कुठल्या तरी मेळाव्यात नवं खातं निघालं, आधार तिकडे जोडलं गेलं, की जुन्या पासबुकात काही दिसत नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटसमध्ये बँकेचं नाव कळतं. बैठकीतच एकेकाचं बघून पासबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून द्या. तिथं घोळ नसेल तर मग तहसीलमध्ये हयातीच्या दाखल्याची चौकशी करा.

आणखी एक. कापूस विकला की दामदुपटीवाले गावात फिरतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, जिल्हा मध्यवर्ती बँकेलाही. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही, पाटी कितीही मोठी असो. साठीच्या पुढच्यांनी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी बघावी: १००० पासून सुरू, दर तीन महिन्यांनी व्याज, उघडताना जो दर असेल तोच ५ वर्षं.

घाटंजी_ग्रामसंघ
खूप उपयोगी. दोन अडचणी राहिल्या. काहींच्या बोटांच्या रेघा कामाने झिजल्यात, मशीन घेतच नाही. आणि एक आबाजी अंथरुणाला खिळलेत.

वणी_बँकसखी
अंगठ्याचाच हट्ट नको, दहापैकी कोणतंही बोट चालतं. हात धुऊन, कोरडे पुसून एकेक लावून बघा, लागेल ते बोट लक्षात ठेवायला सांगा. एकही लागत नसेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे अपडेट करावे लागतील. बायोमेट्रिक लॉक (आधारवरचे ठसे कुलूपबंद ठेवणं) सुचवतात लोक, पण अंगठ्यावरच पैसे काढणाऱ्याला तो अडचणीचा, दर वेळी उघडावा लागतो. अंगठा कधीच न वापरणाऱ्यांसाठी ठीक.

आबाजींसाठी शाखेत लेखी विनंती द्या. ७० च्या पुढच्यांना आणि आजाऱ्यांना घरपोच सेवा देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. सही जमत नसेल तर विड्रॉलच्या फॉर्मवर अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पैसे आणायला कोण जाणार त्याचं नाव बँकेला आधी कळवा, आणि खात्याला वारसाचं नाव लागलंय का तेही त्याच फेरीत बघून घ्या.